शेवटच्या खाटेवरचं पत्र

आमच्या घरातलं मूल रांगायच्या आधी कवायत शिकतं, असं लोक थट्टेनं म्हणतात. आजोबा फौजेत, बाबा फौजेत, धाकटा भाऊही फौजेत. बायका लष्करी इस्पितळात विनामोबदला राबायच्या. आत्या जखमींची पत्रं लिहून द्यायची, तिच्यामागून मी लिहू लागले. भाऊ बाविसाव्या वर्षी सीमेवर बेपत्ता झाला, त्याला अकरा वर्षं झाली होती. तरी माझ्या मुलानं भरतीचा अर्ज भरला तेव्हा बाबांनी मिशीला पीळ दिला. मी माळ्यावरची बॅग काढून ठेवली.

त्या दुपारी नेहमीसारखी वही घेऊन वॉर्डात गेले. सिस्टर म्हणाली, "आत एकाला पत्र लिहायचंय."

वॉर्ड चिडीचूप होता. फिनेलचा वास, आणि त्याखाली ओल्या मातीचा. शेवटच्या खाटेवर डोळ्यांना पट्टी बांधलेला एक जवान पडला होता. मी स्टूल ओढलं.

"कुणाला लिहू?"

"ताईला. लिही... माझी वाट बघू नकोस. इथं थंडी फार आहे... पण सवय झाली."

"पत्ता?"

त्यानं आमच्याच घराचा पत्ता सांगितला.

माझं पेन थांबलं. आवाज ओळखीचा होता. अकरा वर्षांत एका दिवसानंही न वाढलेला.

"पुढं लिही," तो हलकेच म्हणाला. "मला जायचंय का, हे घरात कुणी विचारलंच नाही. तू तरी... पोराला विचार."

मी त्याचा हात धरायला गेले. हाताला नुसती गार चादर लागली.

"बाई, पेशंट तिकडे आहे," मागून सिस्टर म्हणाली. "ही खाट कालपासून रिकामी आहे."

घरी आले तर मुलगा बॅग भरत होता.

"तुला खरंच जायचंय का रे?"

"हो, मनापासून. पण आज सगळे हेच का विचारतायत?"

"आणखी कोणी विचारलं?"

"दुपारी एक जण दारात आला होता. डोळ्यांना पट्टी होती. मी हो म्हटलं, तर उंबऱ्यावर बसून रडत राहिला. मी पाणी आणायला आत गेलो, तेवढ्यात निघून गेला."

मी मुलाला अडवलं नाही. विचारलं होतं, त्यानं उत्तर दिलं होतं.

त्याला जाऊन सात महिने झाले. बाहेर कडक ऊन आहे. उंबऱ्यावरची ती जागा मी रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसते. दुपारपर्यंत ती पुन्हा ओली होते.