पंखा बंद करायचं कुणी शिकवलं?

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहूनही ती कळत नाही, असं कसं होतं?

हा प्रश्न नीरजा खांबेटेला पडला, तेव्हा ती भयंकर चिडलेली होती. नीरजा दहा वर्षांची. आई आणि आजोबांबरोबर ती चंद्रावरच्या अरुंधती वस्तीत राहायची. आई, शुभदा, वस्तीच्या हवेच्या यंत्रणेची प्रमुख होती. आजोबा, डॉक्टर विश्राम खांबेटे, माणसाचा मेंदू कसा शिकतो याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ.

भांडण टीव्हीवरून झालं. ‘खटपट्या खार’ हे कार्टून म्हणजे नीरजाचा जीव की प्राण. आईला ते मुळीच आवडत नसे.

“ही नुसती करमणूक आहे,” आई म्हणाली. “वस्तीच्या सभेत मी सांगणार आहे, मुलांसाठी टीव्ही बंदच करा.”

“पण मी त्यातून किती शिकते!”

“हो? मग सांग, खारीचं विमान उंच ढगांवर गेलं, तेव्हा आतल्या उदबत्तीचा धूर विमानाच्या भिंतीतल्या फटीकडेच का पळाला?”

नीरजाने तोंड उघडलं. शिंकणारी खार, वेडावाकडा पळणारा धूर, सगळं डोळ्यांपुढे लख्ख होतं. उत्तर मात्र येईना. आई हसली आणि कामावर गेली. तेच नीरजाला जास्त लागलं.

“आजोबा, इतक्या वेळा पाहिलंय मी ते!” ती रडवेली होऊन म्हणाली.

“म्हणूनच तुला वाटलं की ते कळलंय,” आजोबा म्हणाले. “त्याला म्हणतात ओळखीचा भास (पाहिलेली गोष्ट पुन्हा दिसली की ती समजली आहे असं वाटणं). रोज जिन्यात भेटणारे काका ओळखीचे वाटतात, पण त्यांचं नाव विचारलं तर?”

“नाही सांगता येत.”

“हं. आता मेंदूचं ऐक. मेंदू सारखा अंदाज बांधत असतो. चेंडू वर गेला की तो कुठे पडेल, हे आधीच ठरवतो. अंदाज चुकला की दचकतो. त्या क्षणी मेंदूपेशी (मेंदूतल्या एकमेकींना निरोप देणाऱ्या सूक्ष्म पेशी) आपापसातले धागे बदलतात. हे बदलणं म्हणजेच शिकणं.”

“मग टीव्ही पाहताना मेंदू अंदाज करत नाही?”

“थोडाफार करतो. पण चित्रं इतकी भराभर येतात की तुझ्या आधी टीव्हीच उत्तर देऊन मोकळा होतो. थांबव बघू ते चित्र.”

नीरजाने विमानाचा प्रसंग लावला आणि धूर निघताच थांबवला.

“आता तूच सांग, धूर कुठे जाईल?”

“फटीकडे.”

“का?”

तिने चित्रातल्या फटीवर बोट ठेवलं. मग विचार करत म्हणाली, “विमानात हवा भरपूर आहे. बाहेर विरळ आहे. म्हणजे आतली हवा बाहेर ढकलली जाणार… आणि धुराला बरोबर नेणार! म्हणून धूर फटीकडेच!”

“त्या ढकलण्याला हवेचा दाब म्हणतात. दाब जास्त असतो तिथून कमी असतो तिकडे हवा जाते. हे तुला खारीने नाही शिकवलं. खारीने तुला इथे आणून बसवलं, विचार तू केलास.”

त्या दिवसापासून दोघं कार्टून असंच थांबवत थांबवत पाहू लागले. नीरजाचे अंदाज पुष्कळदा चुकायचे. चुकले की ती खूश व्हायची.

एका दुपारी आई वस्तीबाहेर सौरपट्ट्या तपासायला गेली होती. नीरजा आणि आजोबा स्वयंपाकघरात उकड करत होते. अचानक भोंगा वाजला. दारं आपोआप बंद झाली. भिंतीवरच्या दाबमापकाचा काटा हळूहळू खाली सरकू लागला.

आईचा आवाज रेडिओवर आला. “बाबा, तुमच्याकडे हवा गळतेय! मला पोचायला वेळ लागेल. पेटीत चिकटपट्टी आहे, पण गळती शोधा!”

आजोबा भिंती चाचपू लागले. कपाटं, नळ्या, खिडकीची कड. भोक कुठेच दिसेना. त्यांना धाप लागली. नीरजाच्या कानांत दडे बसले.

तिने तांदळाची पिठी मुठीत घेतली. मग थबकली, धावत गेली आणि आधी हवा फिरवणारा पंखा बंद केला.

“आजोबा, हलू नका!”

तिने चिमूटभर पिठी हवेत सोडली. पांढरा ढग क्षणभर तरंगला, मग लांबट होत ओट्यामागे सरकला. तिथे पुन्हा चिमूट सोडली. पिठी नळीच्या जोडापाशी भिंतीत गडप झाली. आजोबांनी तिथे पट्टी लावली. आतल्या हवेने स्वतःच ती घट्ट दाबून धरली. दाबमापकाचा काटा थांबला.

आई आली तेव्हा तिने अंतराळपोशाख काढायच्या आधीच नीरजाला मिठी मारली.

“खारीने केलं तसंच केलंस ना?” ओट्यावर सांडलेली पिठी पाहून तिने विचारलं.

“खार पंखा कुठे बंद करते?” आजोबा म्हणाले. “शुभदा, ते कार्टूनमध्ये नाहीच. नीरजा, तुला कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही. पंख्याने पिठी भलतीकडे गेली असती, मग गळती कशी कळणार?”

आजोबांची छाती अभिमानाने फुलली. “पाहिलेलं तसंच्या तसं करणं ही नक्कल. पाहिलेल्यातलं कारण नव्या जागी वापरणं, हे शिक्षण.”

आईने अंतराळपोशाख उतरवला. “सभेत मी वेगळंच बोलणार आहे,” ती म्हणाली. “आणि तू माझ्या शेजारी बसणार आहेस.”

सभेत टीव्ही बंद करायचं ठरलं नाही. उलट वस्तीतल्या मुलांनीच त्या गळतीवर कार्यक्रम तयार केला. त्यात ऐन रंगात आल्यावर चित्र थांबायचं आणि नीरजा विचारायची, “आता काय होईल? का?” आईने तो पृथ्वीवरच्या शाळांना पाठवला.

पहिलं उत्तर अकोल्याच्या एका मुलीचं आलं. तिचा अंदाज साफ चुकला होता. पण खाली तिने एक प्रश्न विचारला होता, जो चंद्रावर कुणालाच सुचला नव्हता. नीरजाने तो मोठ्याने वाचला, “चंद्रावर वस्तू हळू पडतात, मग आमच्या घरात पिठी फटीपर्यंत पोचण्याआधीच खाली पडेल का?” आणि आई, आजोबा आणि ती, तिघंही विचारात पडली.