दाराशी होडी

मी कीर्तनाला उभा राहतो. अंगावर उपरणं, हातात चिपळ्या असल्या की खोटं बोलायचं नाही, हे मला लहानपणीच शिकवलंय. आज चिपळ्या हातात नाहीत. तरी उभा आहे असंच समजा.

यातलं काहीही मी रंगवलेलं नाही. रंगवता आलं असतं तर बरं झालं असतं.

जून २०१९ मधला दुसरा रविवार. गाव दार-एस-सलाम. आफ्रिकेचा पूर्व किनारा, टांझानिया. आम्ही नुसतं 'दार' म्हणायचो.

मी गुरुदत्त. बंदरावरच्या क्रेनचं इलेक्ट्रिकल काम बघायला कंपनीनं मला तिथं पाठवलं होतं. बायको सिद्धी आणि दोन वर्षांची ओवी पुण्यात होत्या. मला जाऊन चार महिने झाले होते.

दारमध्ये परकं वाटत नाही हो. चहाला चाय म्हणतात. चपातीला चपाती. दुकानाला दुका, रंगाला रांगी. रिक्षाला तर बजाजी म्हणतात. कावळेसुद्धा आपल्याकडचेच, राखाडी मानेचे. म्हणून माझ्या डोक्यात एक पक्कं बसलं होतं... इथला जो शब्द आपल्यासारखा वाटतो, तो आपलाच.

तिथंच चुकलं.

फ्लॅटमध्ये माझ्याबरोबर मोरेश्वर काका राहायचे. साठीचे, चिंचवडचे. अकरा वर्षं दारमध्ये होते. पेटी उत्तम वाजवायचे. दर एकादशीला आमच्या हॉलमध्ये कीर्तन. दहा-बारा मराठी घरं यायची, मी बोलायचो आणि काका मागून झील धरायचे. शेवटचं अक्षर असं ओढायचे, की मला श्वास घ्यायला सवड मिळायची.

मी जास्त वेळ घेतला की पेटीवरूनच हळूच म्हणायचे,

"बुवा, पूर्वरंग आवरा. भात गार होतोय."

त्या रविवारी सकाळी काका कोळ्यांच्या होडीतून जवळच्या बेटावर गेले. पोहायला. दर महिन्याला जायचे. मला म्हणाले, "चल की." मी म्हणालो, "कपडे धुवायचेत."

होडी दुपारी परत आली.

होडीतले सहा जण परत आले.

काका त्यात नव्हते.

होडी उलटली नव्हती. समुद्र शांत होता. ते कधी उतरले, कुठं उतरले, कुणीच पाहिलं नव्हतं. पोलिसांनी चार दिवस शोधलं. काही मिळालं नाही. चिंचवडला काकांच्या बायकोला, शकु काकूंना, फोन मीच केला. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ते जाताना काही बोलले का रे?"

कपडे धुवायचेत असं मी म्हणालो होतो. तेच मला आठवत होतं.

त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. सहा ते दोनची शिफ्ट करायचो. घरी येऊन वरण-भात लावायचो. जेवायचो. पडायचो. चव कळायची नाही. पोथी उघडायचो, डोळे ओळींवरून जायचे, आत काही उतरायचं नाही.

दहाव्या दिवशी बाल्कनीत पानावर भात ठेवला. देह नाही, क्रिया नाही, मन मानेना म्हणून. आमच्या बाल्कनीतले कावळे साबणाची वडीसुद्धा पळवायचे.

त्या दिवशी एकही आला नाही.

आवाजसुद्धा नाही... अख्ख्या गल्लीत.

दुपारचे साडेतीन झाले असतील. लख्ख ऊन. मी पलंगावर पडलो होतो. बाहेर लोखंडी जाळीचं दार, आत लाकडी दार. लाकडी दार वाऱ्यासाठी उघडं.

आणि जाळीपलीकडून आवाज आला...

"होडी..."

काकांचा आवाज. घोगरा. शेवटचं अक्षर ओढलेलं, झील धरताना ओढायचे तसंच.

"होडी...ई..."

मी उठून गेलो. जाळीपलीकडे कुणी नव्हतं. जिना रिकामा. पायऱ्या कोरड्या.

मला भीती वाटली नाही. खरंच नाही. मला वाटलं, काका सांगतायत. काय झालं ते सांगतायत. होडीत काहीतरी झालं होतं.

मी जाळीला हात लावून म्हणालो, "हो काका. हो. ऐकतोय."

दुसऱ्या दिवशी, साडेतीनला, पुन्हा.

"होडी..."

"हो काका."

मी किनाऱ्यावर जाऊन त्या होडीवाल्याला गाठलं. होडीभोवती फिरलो. फळ्या दाबून पाहिल्या. होडीवाला बिचारा रडकुंडीला आला. होडीत काही नव्हतं. तरी रोज दुपारी काका होडी म्हणायचे आणि रोज मी हो म्हणायचो.

अठरा दिवस.

एकोणिसाव्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या मामा झुहुरा ताटलीत भजी घेऊन आल्या. तिथं वयस्क बाईला मामा म्हणतात, आपल्या आईसारखं. जाळीवर अंगठी वाजवून इंग्रजीत म्हणाल्या, "रोज दुपारी कुणाशी बोलतोस? घरी फोन करतोस का?"

मी सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. म्हणालो, आमच्या भाषेत होडी म्हणजे बोट. काका मला बोटीबद्दल सांगतायत.

त्यांनी ताटली खाली ठेवली.

"होडी आमचाही शब्द आहे," त्या म्हणाल्या. "पाहुणा दाराबाहेर उभा राहून म्हणतो. होडी म्हणजे, आत येऊ का? आतला म्हणतो, करिबू. या. तोवर पाहुणा उंबरा ओलांडत नाही."

मी जाळीची कडी चाचपली.

"तू काय उत्तर दिलंस?"

"हो म्हणालो."

"म्हणजे?"

"म्हणजे... होकार. तुमचं न्दियो."

मामा झुहुरांनी जाळीवरचा हात काढला. मग बराच वेळ विचार केला. त्या विचार करत होत्या तेवढा वेळ मला जिन्याकडे बघवेना.

"रोज होकार दिलास?"

"रोज."

"तरी तो रोज विचारतो?"

"हो."

"तुमचे काका मराठीच होते ना?"

"म्हणजे काय. चिंचवडचे."

"मग गुरु," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुझ्या काकांना तुझा होकार कळला असता."

भजी तिथंच राहिली.

ज्याला मी अठरा दिवस काका म्हणत होतो... त्याला मराठी येत नव्हतं.

जाताना त्या म्हणाल्या, "करिबू म्हणू नकोस. काहीच म्हणू नकोस. आणि स्वतःच्या घरी येणारा माणूस विचारत नाही. त्याच्याकडे किल्ली असते."

त्या दुपारी आवाज आला. मी मोबाइलवर कीर्तन मोठ्यानं लावून भिंतीकडे तोंड करून बसलो. पुढचे नऊ दिवस तसाच बसलो. मग कंपनीला सांगून दुसऱ्या भागात घर घेतलं. तिथं काही आलं नाही.

शकु काकूंना मी यातलं काही सांगितलं नाही. त्या अजून कुंकू लावतात.

२०२२ ला आम्ही न्यूझीलंडला आलो. सिद्धीला वेलिंग्टनमध्ये आयटीतली नोकरी लागली, मला एका वर्कशॉपमध्ये. घर पोरिरुआला घेतलं, खाडीच्या वर, चढावर. शेजारी पॉलीन नावाच्या आजी. नवरा रॉस वारल्यापासून एकट्याच. पहिल्याच दिवशी कुंपणावरून "किया ओरा", म्हणजे इथला नमस्कार, म्हणत लिंबं दिली. इथं एकादशीला पाच घरं जमतात. पेटी कुणाला येत नाही. मोबाइलवर तंबोरा लावतो आणि श्वास मीच सांभाळतो.

मागच्या जुलैतला एक शनिवार. दुपार. सिद्धी सामान आणायला गेली होती. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतो. ओवी आता सात वर्षांची. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीच. ती पुढच्या खोलीतून जँडल्स, म्हणजे इथल्या सपाता, फटफटवत आली.

"बाबा, समवन वॉन्टेड अ बोट."

माझ्या हातात टॉवेल होता.

"कोण?"

"डोन्ट नो. ॲट द डोअर. ही केप्ट सेइंग होडी, होडी." 'होडी' एवढंच ती मराठीत म्हणाली. "आय सेड नो, सॉरी, वी डोन्ट हॅव अ बोट. ही आस्क्ड अगेन. आय सेड नो अगेन."

"कसा होता?"

"नोबडी वॉज देअर व्हेन आय लुक्ड." मग ती थोडी हसली. "ही साउंडेड लाइक यू, बाबा. आय थॉट इट वॉज यू, जोकिंग."

माझा आवाज.

मी टॉवेलला चिमटे लावले. दोन्ही टोकांना. मग पुढं जाऊन दाराला कडी घातली. ओवीला जवळ घेतलं. माझी चूक माझ्या लेकीनं तशीच केली होती. तिलाही होडीच ऐकू आली. फक्त मी हो म्हणालो होतो आणि ती नाही म्हणाली. देवानं तिच्या तोंडून नाही वदवलं, असं मी मानतो.

मी देवापुढं बसायला वळलो... तेवढ्यात शेजारून ऐकू आलं.

"होडी..."

या वेळी आवाज ओळखीचा नव्हता. म्हाताऱ्या पुरुषाचा. खुशीतला.

आणि लगेच पॉलीनचा.

"कम इन, लव्ह. इट्स ओपन."

खिडकीतून मला त्यांचा ओटा दिसत होता. ओटा रिकामा होता. जाळीचं दार उघडलं... आणि मिटलं.

मी ओरडू शकलो असतो. कुंपण कमरेएवढं आहे. मी उभा राहिलो.

दोन दिवसांनी पॉलीन कुंपणाशी भेटल्या. चेहरा फुललेला.

"गुरु, मी येडी झाले म्हणशील. रॉस घरात शिरताना नेहमी हाउडी म्हणायचा. काउबॉयसारखं, मस्करीत. इथं कोण म्हणतं हाउडी? शनिवारी मला अगदी तस्संच ऐकू आलं."

"मग?"

"मग काय. ये म्हटलं. बरं वाटलं रे." आणि हसल्या.

मी त्यांना सांगायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा बघून माझी जीभ उचलेना. दोन वर्षांत इतक्या खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं. आणि मनात खोल कुठंतरी, हेही लिहितो कारण खोटं बोलायचं नाही... आमच्या दारातून ते गेलं, याचं मला बरं वाटत होतं.

त्यानंतर आवाज कुठंच आला नाही. विचारायचं संपलं होतं.

पॉलीन हळूहळू दिसेनाशा झाल्या. आधी कचऱ्याचा डबा बाहेर येईना. मग पडदे उघडेनात. लिंबं झाडाखाली पडून सडली.

या सोमवारी त्यांच्या मुलीचा फोन आला. ती ऑकलंडला असते, ओटाहुहुमध्ये. म्हणाली, "आई फोन उचलत नाही. जरा बघतोस का?"

मी गेलो. दुपारीच गेलो. तीन पायऱ्या चढलो. आतून ओलसर, मिठाचा वास येत होता. खाडी तशी जवळच आहे.

मी दार वाजवायला हात उचलला.

अजून वाजवलं नव्हतं...

"कम इन, लव्ह. इट्स ओपन."

पॉलीनचाच आवाज. तंतोतंत. फक्त शेवटचं अक्षर... ओढलेलं.

"पॉलीन," मी म्हणालो, "बऱ्या आहात ना? जरा बाहेर येता?"



मग पुन्हा, त्याच पट्टीत. "कम इन, लव्ह. इट्स ओपन."

मी तीन पायऱ्या उतरलो. पाठ न फिरवता उतरलो. घरी येऊन मुलीला फोन लावला. म्हणालो, "आत गेलो नाही, पण आवाज ऐकला. बोलल्या माझ्याशी."

"ओह, थँक्स हीप्स, गुरु," ती म्हणाली. "मी शनिवारी येतेच आहे. तिला सांगू नकोस, सरप्राइज देईन."

मी बरं म्हणालो.

आज शुक्रवार आहे. तीन वेळा तिला मेसेज लिहायला घेतला. आत बोलावलं तर जाऊ नकोस, असं लिहिलं आणि पुसलं. आपल्याच आईच्या घरात जाऊ नकोस, हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगू? पोलिसांनाही काय सांगू, एका बाईनं मला आत या म्हटलं? गेले चार दिवस नामस्मरणाला बसतो, तरी हातपाय गार आहेत. काही वाटत नाही.

सिद्धीला म्हटलंय, उद्या सकाळीच ओवीला घेऊन लांब कुठंतरी जाऊ. संध्याकाळपर्यंत परतायचं नाही.

ती म्हणाली, "का रे, उद्या काय आहे?"

मी म्हणालो, "काही नाही."

ती मुलगी विमानतळावरून निघाली की मला फोन करणार आहे.