कुणाच्या हातची

आस्ता गेल्याचा फोन आला तेव्हा विग्गो तिचीच खुर्ची उलटी करून बसला होता. सकाळचे नऊ वाजले होते. विणलेल्या बैठकीची जुनी दोरी त्याने निम्मी कापली होती आणि कागदी दोरीचे तुकडे स्वयंपाकघरभर पसरले होते. नर्स हळू आवाजात बोलली. तो “बरं” म्हणाला, दोनदा म्हणाला. मग कात्री खिडकीत ठेवली आणि खुर्ची तशीच उलटी राहिली.

दोरी काढायला आस्तानेच सांगितलं होतं, चार दिवसांपूर्वी, दवाखान्यातून.

“मी येईपर्यंत बैठक नवी करून ठेव.”

“उघडून?” त्याने विचारलं. “नियमात बसतं का ते?”

“बावन्न वर्षं झाली रे... आता उघड. आल्यावर मला तुझं तोंड बघायचंय.”

हा नियम लग्नाआधीचा. किंबहुना लग्न झालं ते या खुर्चीमुळेच.

एकसष्ट सालचा सप्टेंबर. स्वेनबोर्ग बंदराच्या धक्क्यावर विग्गो शेडखाली उभा होता, रिमझिम थांबायची वाट बघत. तेवढ्यात समोरून एक मुलगी आली, डोक्यावर खुर्ची पालथी धरून. केस कोरडे, बूट चिंब. ती शेडखाली शिरली आणि खुर्ची खाली ठेवली.

“छत्री विसरलात वाटतं,” विग्गो म्हणाला.

“छत्री काय, कुणीही घेऊन फिरतं.”

तो हसला. त्याचा हात मात्र आपोआप खुर्चीकडे गेला. त्याने ती उचलली, उलटी केली, पायांच्या जोडांवरून अंगठा फिरवला.

“तुम्ही सुतार आहात,” ती म्हणाली.

“कशावरून?”

“माणसं खुर्चीवर बसतात. तुम्ही आधी तिचं पोट बघितलंत.”

विग्गोचे कान लाल झाले. पण खुर्ची खरंच देखणी होती. ओकचं लाकूड, सडपातळ पाय, आणि पाठीची फळी अशी वळवलेली, की टेकणाऱ्याला कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटावं. खाली कुणाचाच शिक्का नव्हता.

“कुणाच्या हातची?”

“ते तुम्हीच सांगा ना. धंदा तुमचा.”

विग्गो तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि फ्यून बेटावरची कुठलीही खुर्ची जोडावरून ओळखतो अशी फुशारकी मारायचा. त्याने एका मोठ्या कारखान्याच्या मिस्त्रीचं नाव घेतलं.

“चूक.”

“मग त्याचा कुणी चेला असेल. कुणी का असेना, माणूस कसलेला आहे. तीस वर्षं तरी रंधा मारलेला.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. हसू आवरत होती की आणखी काही, ते त्याला कळलं नाही.

“चूक,” ती म्हणाली. “पाऊस थांबला. आणखी नावं सुचली तर गुरुवारी या. टपाल कचेरीच्या वर माझी खोली आहे. आणि एक नियम... दोरी उघडून बघायचं नाही.”

गुरुवारी तो गेला. तिने कॉफी दिली, राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा दिला, आणि खुर्ची मधोमध ठेवली.

“तुमचे वडील,” विग्गो म्हणाला. एव्हाना त्याने चौकशी केली होती. ती बोटी बांधणाऱ्या ब्येरेची मुलगी. “लाकूड बोटीचंच आहे.”

“लाकूड त्यांचंच. पण त्यांना खुर्ची करायला सांगितली तर आधी पाण्यात सोडून बघतील.”

पुढच्या गुरुवारी ओडेन्सचा एक मिस्त्री. चूक. त्यापुढे कोपनहेगनचे दोघे. चूक, चूक. नोव्हेंबरात ती म्हणाली, “इतक्या वेळा चुकलेल्या माणसाला ‘तुम्ही’ म्हणणं जड जातंय.”

“मग नका म्हणू.”

“तूही म्हणू नकोस.”

मार्चमध्ये तो हात हलवत आला. “आस्ता, नावं संपली.”

“मग कशाला आलास?”

“नावं संपली तरी पाय इकडेच येतात. त्यांना काय सांगू?”

ती कॉफी ओतता ओतता थांबली. “त्यांना म्हणावं... थांबा, आता मीच येते तुमच्या घरी. खुर्चीही घेऊन येईन. पण उत्तर मिळणार नाही हं.”

उत्तर लग्नानंतरही मिळालं नाहीच. दर गुरुवारी कॉफीच्या वेळी ती त्या खुर्चीत बसून विचारायची, “मग, कुणाच्या हातची?” कधी तो नव्याने ऐकलेलं नाव सांगायचा, कधी मुद्दाम पाद्र्याचं. पुढे पुढे त्याला उत्तर नकोच होतं. प्रश्न पुरे होता.

ती गेल्यावर तीन महिने तो त्या खुर्चीकडे वळला नाही. ऑक्टोबरात एकदा कपडे वाळवून घड्या घालत होता. ताटं पुसायची फडकी. प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याच्या बारक्या फुल्या, पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, अशा. आस्ताच्या आईने तिला शिकवलेलं, लग्नात सोबत न्यायचं कापडचोपड असं मोजून ठेवायचं. लग्नापासून त्याच्या रुमालांवरही त्याच फुल्या होत्या. त्याने घड्या घातल्या आणि मग काय वाटलं कोण जाणे, कात्री घेऊन उरलेली दोरी कापली.

कुठला पाय कुठल्या पट्टीत बसवायचा हे चुकू नये म्हणून सुतार जोडापाशी खूण करतो. विग्गोने आयुष्यभर त्रिकोण काढला. त्याच्या गुरूने, गुरूच्या गुरूनेही त्रिकोणच.

इथे दोरीखाली त्रिकोण नव्हता. चार कोपऱ्यांत लाल पेन्सिलीने फुल्या होत्या. एक, दोन, तीन, चार.

तो जमिनीवरच बसला. सगळ्या बेटावरचे, राजधानीतले सुतार त्याने मोजले होते. म्हातारे, मेलेले, दारुडेसुद्धा. कॉफी ओतणारीचा हात रोज समोर होता, तो मात्र बघायचा राहिला. आणि पहिल्याच दिवशी त्याने तिला तोंडावर सांगितलं होतं, माणूस कसलेला आहे म्हणून. बावन्न वर्षं ती तेवढ्या एका वाक्यावर हसत आली असणार.

“तुझ्या,” तो रिकाम्या स्वयंपाकघरात म्हणाला. “तुझ्या हातची, आस्ता.”

तो गुरुवार नव्हता, मंगळवार होता.

आता खुर्ची खिडकीशी सरळ उभी आहे. नव्या दोरीचं भेंडोळं टेबलावर आहे. दोरी विणली की फुल्या झाकल्या जातील. बैठक अजून विणायची राहिली आहे.