कुशीतला काळा रंग

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. भर दुपारी, तिच्या घराच्या खालच्या खोलीत.

मावशी जुनी चित्रं साफ करते. हे चित्र प्रार्थनाघरातलं, एकोणिसाव्या शतकातलं. गुडघे टेकलेली आई, वर देवदूत. त्या काळची पद्धतच तशी... गाल चिनी मातीच्या बशीसारखे गुळगुळीत, ब्रशचा एक फटकारा शोधून सापडायचा नाही.

फक्त आईच्या कुशीत काळा रंग होता. खडबडीत. घाईघाईत फासलेला.

"कुठल्या अडाण्याने हात मारलाय!" मावशी चिडली.

वरच्या खोलीत तिची लेक, बारकी, तापाने फणफणत होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. काका उशाशी होते. मावशीला नुसतं बसवेना, म्हणून ती खाली कामाला लागली.

कापसाच्या बोळ्याला थुंकी लावून हलकेच पुसायचं, ही या कामाची जुनी रीत. थुंकीने मळ जातो, रंग जात नाही.

हा गेला...

खालून एक इवलं पाऊल निघालं. मग गुडघा. मग गाल... गुलाबी.

मावशीला वाटलं, देवानेच खूण दिली. "माझंही लेकरू वाचव रे बाबा," म्हणत ती भराभर पुसू लागली.

वरून काकांची हाक आली. "अगं, ताप उतरतोय!"

तिला हसू फुटलं. तिने आणखी पुसलं. बाळाचा डोळा निघाला...

"अगं, लवकर ये! हिचं अंग गार पडतंय! पाय तर बर्फ झालेत!"

पाय.

चित्रातही आधी पायच निघाला होता.

मावशीने चित्राकडे पाहिलं. बाळाची छाती... हलत होती.

तिने काळ्या रंगाची ट्यूब पिळली आणि दोन्ही हातांनी फासत सुटली. डोळा, गाल, गुडघा, पाय.

"माफ कर रे राजा, माफ कर..."

रंगाखाली कुणीतरी तिचं बोट घट्ट धरलं.

तिने सोडवून घेतलं. फासतच राहिली.

वर बारकी रडली. "आई, पाणी."

पोर वाचली. चित्र मावशीने तसंच परत पाठवलं. तो काळा रंग पुसू नका म्हणून सगळ्यांच्या हातापाया पडली. कोण ऐकतंय! उलट तिलाच अडाणी ठरवलं.

काल कळलं, चित्र दुसऱ्या कारागिराकडे गेलंय. कुठे, ते कुणी सांगत नाही.

आज सकाळी बारकी अंथरुणातूनच म्हणाली, "आई, पाय गार पडलेत गं."

मावशी तेव्हापासून ते पाय चोळत बसलीय. उठायला तयार नाही.