जोपर्यंत माती कोरडी आहे

मंगळावरच्या चौथ्या वसाहतीत खंडू नावाच्या यंत्रमानवाने मेथीचा अख्खा वाफा पाण्यात बुडवून मारला. चौकशी मंडळाने त्याला वितळवायचं ठरवलं. मंडळात डोईफोडेसाहेब एकटेच असल्यामुळे एकमत चटकन झालं.

बारा वर्षांची शलाका भट्टीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. मंगळाच्या कमी गुरुत्वाकर्षणात (ओढ कमी, उडी जास्त) तिला बोट धरून चालायला खंडूनेच शिकवलं होतं.

"सरक पोरी. यानं आज्ञा मोडली," साहेब म्हणाले. "मी स्वच्छ लिहिलं होतं: व्हाइल, म्हणजे जोपर्यंत, माती कोरडी आहे, तोपर्यंत वीस बादल्या ओत. माती तिसऱ्या बादलीलाच भिजली. हा पठ्ठ्या विसावी ओतून थांबला!"

"वीस कशाला लिहिल्यात?"

"कमी पडायला नकोत म्हणून. भिजली की थांबेलच की!"

"नाही थांबणार. आणि मीही हलणार नाही."

तिचे आजोबा, आप्पा, निवृत्त प्रोग्रामर. ते शांतपणे म्हणाले, "शलाके, भांड, पण पुराव्यानिशी."

शलाकाने आप्पांच्या गरम पोळ्यांचा डबा साहेबांपुढे ठेवला. "तुमचीच आज्ञा, साहेब. जोपर्यंत भूक आहे, तोपर्यंत वीस पोळ्या खा."

मंगळावर गरम पोळीला कोणी नाही म्हणत नाही. पाच झाल्यावर साहेबांनी हात पुसले.

"पंधरा राहिल्या," शलाका म्हणाली.

"अगं, भूक संपली!"

"पण मधेच विचारलं कोणी? व्हाइलने लूप (त्याच कामाची पुन्हापुन्हा फेरी) चालतो. कॉम्प्युटर अट तपासतो ती प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला. पंगतीतला वाढपी आपल्यापाशी आला की विचारतो ना, तसं. तुम्ही एका फेरीत वीस लिहिल्यात. आता विसावी संपल्यावरच पुढचा प्रश्न."

"मराठीत 'जोपर्यंत'चा अर्थ असा होत नाही!"

"नाहीच होत. पण तुम्ही मराठीत लिहिलं नव्हतंत."

आप्पांना खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

शलाकाने आज्ञेतले 'वीस' खोडून 'एक' लिहिलं. "आता हा प्रत्येक बादलीआधी मातीला विचारेल."

खंडू शेजारच्या कोरड्या वाफ्याकडे गेला. मातीत बोट. एक बादली. पुन्हा बोट. दुसरी. पुन्हा बोट. तिसरी. पुन्हा बोट. आणि थांबला.

साहेबांनी वितळवण्याचा हुकूम घडी घालून खिशात ठेवला.

"पुढच्या वर्षी गुरूच्या एका चंद्रावर शेती सुरू होतेय," शलाका दारापासून बाजूला होत म्हणाली. "खंडू जाणार. आज्ञा मी लिहिणार."

साहेबांनी हरकत घेतली नाही. त्यांच्यासमोर खंडू डबा उघडून उभा होता. पंधरा अजून बाकी होत्या.