अजून अर्धा तास

विमानतळावरच्या त्या खोलीतलं माझं काम तसं साधं. कुठून कुठे जायचंय ते कळलं, की अंतर मोजायचं, वाऱ्याचा जोर बघायचा आणि वैमानिकाला सांगायचं, एवढा वेळ लागेल.

त्या दुपारी एका तान्ह्या मुलीला घेऊन छोटं विमान निघायचं होतं. मुलगी काचेच्या पेटीत होती, हृदयाला भोक. ऑपरेशन होणार ते दूरच्या मोठ्या शहरातच. मी गणित केलं, पुसलं, पुन्हा केलं. वारा समोरून होता. अडीच तास. पेटीचा ऑक्सिजन जेमतेम दोन तास पुरणार होता. सगळीकडे फोन करून झाले, जादा सिलिंडर काही मिळेना.

वैमानिक बाई होत्या. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. बोलणं कमी, हात स्थिर. एवढं मोठं काळीज मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

“ताई, अर्धा तास कमी पडतोय.”

“आणि इथेच थांबलो तर?”

मी काचेच्या पेटीकडे पाहिलं.

“मग निघू या,” त्या म्हणाल्या आणि सिस्टरच्या हातातली पेटी स्वतः उचलू लागल्या.

विमान गेलं. उन्हं कलली. खोलीत तापलेल्या तारांचा वास आणि रेडिओची खरखर. एकदाच ताईंचा आवाज आला, “ढगात शिरतोय.” मग काहीच नाही.

दोन तास व्हायच्या आतच फोन वाजला.

“उतरलो,” ताई म्हणाल्या. “हे ऐक.”

मागे बाळ रडत होतं, चांगलं खणखणीत. माझेही डोळे भरून आले.

“पण ताई, एवढ्या लवकर कसं? वारा तर अजून समोरूनच आहे.”

“मलाही कळलं नाही रे. ढगातून बाहेर आलो, तर समोर धावपट्टी...”

तेवढ्यात टेबलावरचा रेडिओ खरखरला. ताईंचाच आवाज. शांत, जरा दमलेला.

“ढग संपत नाहीयेत... अजून किती?”

फोनवर ताईंनीही ते ऐकलं होतं.

“सांग त्यांना,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “वाट बघतायत...”

माझ्या तोंडून गणितच निघालं. “अर्धा तास.”

“बरं,” रेडिओ म्हणाला. “आम्ही आहोत.” त्याच्याही मागे बाळ रडत होतं.

मुलगी वाचली. आता शाळेत जाते. ताई अजून विमान चालवतात. त्या दिवसाचा विषय आम्ही काढत नाही. पण वारा समोरून सुटला आणि ढग खाली उतरले, की रेडिओ खरखरतो. “अजून किती?” मी म्हणतो, “अर्धा तास.” इतक्या वर्षांत तो आवाज एकदाही रडला नाही, चिडला नाही. मला त्या बाईचा अभिमान वाटतो, आणि अंगावर काटाही येतो.

गेल्या आठवड्यात पुन्हा तसंच आभाळ भरलं. रेडिओतून तोच प्रश्न आला.

आवाज मात्र ताईंचा नव्हता. शाळकरी मुलीचा होता.