फाटकाची दोन घरं

आमच्या ॲशलोव इस्टेटच्या फाटकाला दोन घरं आहेत. एक डावीकडे, एक उजवीकडे, दिसायला अगदी सारखी. नवख्याला वाटतं, दोन कुटुंबं राहत असतील. कुटुंब एकच. पहिल्या मालकाला फाटकाची शोभा हवी होती, म्हणून त्याने राखणदाराचा संसार मधोमध चिरून रस्त्याच्या दोन बाजूंना ठेवला. डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे झोपायची खोली. रात्री पोरं कडेवर घेऊन पावसातून झोपायला जायचं. हौस मालकाची आणि सर्दी राखणदाराला.

इस्टेटीच्या इमारतींची देखरेख माझ्याकडे होती. नोव्हेंबरातल्या एका दुपारी मी तिथे मापं घ्यायला गेलो. राखणदाराची विधवा एकटी, झोपतेही स्वयंपाकघरातच, तेव्हा उजवी खोली भाड्याने द्यावी, असं कचेरीचं म्हणणं होतं. निकाल माझ्या अहवालावर होता.

"बसा मिस्टर हॅलम," मिसेस गारसाइड म्हणाल्या. "तुम्ही टेप घेऊन आलात म्हणजे बातमी कडूच असणार. चहा तरी गोड करते."

चुलीच्या वर भिंतीला एक पितळी घंटा होती. तिची तार रस्त्याखालून पलीकडच्या खोलीत जाई. वळणावरची गाडी फक्त तिकडच्या खिडकीतून दिसायची. गाडी दिसली की त्यांचा नवरा एनॉक तार एकदा ओढायचा आणि या फाटक उघडायच्या. दोनदा ओढली की त्याला चहा हवा. एनॉक जाऊन चार वर्षं झाली होती.

मी बिचकत कचेरीचा निरोप सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं.

"तिकडे भाडेकरू आला, तर एनॉकनं जायचं कुठं?"

मांजराची सोय विचारावी तितक्या सहज त्यांनी विचारलं. तेवढ्यात घंटा वाजली. दोनदा.

"हो, हो, ओतते आहे. जन्मभर नुसती घाई," त्या घंटेकडे बघून पुटपुटल्या आणि त्यांनी तिसरा कप काढला.

वसंतात रस्त्याखाली पाण्याचा नळ टाकताना ती तार आडवी आली होती. मी माझ्या हाताने ती तोडली होती. बाईला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो.

"तुम्हीच नेता का? माझे गुडघे आज ऐकत नाहीत. उंबऱ्यावर ठेवा, आत नका जाऊ... उठल्या उठल्या तो जरा चिडका असतो."

कप घेऊन मी रस्ता ओलांडला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत जमिनीवर धुळीचा सारखा थर होता, त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. पलंगाशेजारी तार ओढायची मूठ होती. तेवढीच लख्ख होती, रोजच्या हाताने घासल्यासारखी. मला भीती वाटली, हे कबूल करतो. कप ठेवला आणि मागे न बघता परत आलो.

अहवालात लिहिलं, 'दोन्ही घरं मिळून एकच घर आहे. वेगळी करता येणार नाहीत.' कचेरीने ते मान्य केलं.

फेब्रुवारीत मिसेस गारसाइड गेल्या. त्या सापडल्या उजव्या खोलीतल्या पलंगावर, बूट उंबऱ्याशी नीट जोडून ठेवलेले. चार दिवसांनी मला किल्ल्या आणायला पाठवलं. दुपारच होती. स्वयंपाकघरातली चूल विझलेली. किल्ल्या खिळ्यावरून काढल्या आणि डोक्यावर घंटा वाजली.

दोनदा.

मग जरा थांबून पुन्हा दोनदा, हळू... ओढणारा हात दुसरा होता.

का कोण जाणे, मला पळावंसं वाटलं नाही. उलट बरं वाटलं. मी चूल पेटवली, किटली ठेवली, दोन कप काढले.

पाणी उकळायच्या आत घंटा पुन्हा वाजली. या वेळी एकदाच.

मी खिडकीशी गेलो. इथून वळण दिसत नाही. आणि फाटक उघडायला आता माझ्याशिवाय कोणी नव्हतं.